स्वल्पविरामाचा विवेक

'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार मराठी माणसाला नवा नाही. १७७३ साली पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रातील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' केले गेल्यामुळे तो झाला, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कथेतील ऐतिहासिक सत्याचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तिच्यातील शिकवण खरी आहे. लिहिलेला मजकूर एकदा हातून सुटला, की तो स्वतःची बाजू मांडू शकत नाही. समोरच्याला जे दिसते, तेच तो वाचतो. अक्षराच्या बाबतीत ही गोष्ट आपण सहज मान्य करतो. चिन्हाच्या बाबतीत मात्र आपण फार उदार असतो. स्वल्पविराम दिला काय आणि न दिला काय, अर्थ तर कळतोच, असे आपल्याला वाटते. मराठीत हे वाटणे पुष्कळदा निभावून जाते. इंग्रजी लिहिताना ते निभावत नाही. असे का होते, हे समजून घेतले, तर स्वल्पविरामाचे नियम पाठ करण्याची वेळ फारशी येत नाही. ते आपोआप पटू लागतात.

आपला पहिला घोटाळा नावापासूनच सुरू होतो. 'स्वल्पविराम' म्हणजे थोडा थांबा. शाळेत आपल्याला हेच सांगितले जाते, की वाचताना जेथे थोडे थांबायचे, तेथे स्वल्पविराम द्यायचा. इंग्रजीतील 'कॉमा' हा शब्द मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ थांबा असा नसून 'कापलेला तुकडा' असा आहे. एका नावात श्वास आहे, तर दुसऱ्यात छेद आहे. माझ्या मते इंग्रजी लिहिताना होणाऱ्या आपल्या बहुतेक चुकांचे मूळ या फरकात आहे. आपण श्वास कोठे घ्यायचा ते पाहून चिन्ह देतो. इंग्रजी वाचक मात्र वाक्य कोठे कापले आहे, ते त्या चिन्हावरून पाहत असतो.

आरंभी हे चिन्ह तिकडेही श्वासाचेच होते, हे मान्य केले पाहिजे. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातील अ‍ॅरिस्टोफेनिस या ग्रीक विद्वानाने मजकुरात बिंदू देण्याची पद्धत घातली. मोठ्याने वाचणाऱ्याने कोठे किती थांबावे, हे त्या बिंदूंनी कळत असे. पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमधील मुद्रक अल्डस मॅन्युशियस याच्या छापखान्यात स्वल्पविरामाला आजचे वळणदार रूप मिळाले. छापील पुस्तके वाढली, तशी माणसे मनातल्या मनात वाचू लागली. ऐकणारा गेला आणि पाहणारा आला. त्याबरोबर चिन्हाचे कामही बदलले. श्वास दाखवण्याऐवजी ते वाक्याची रचना दाखवू लागले. अठराव्या शतकातील इंग्रजी ग्रंथ उघडले, तर पावलोपावली स्वल्पविराम दिसतात. आजच्या इंग्रजीत ते पुष्कळ कमी झाले आहेत. पण जे उरले आहेत, त्यांतील प्रत्येकाला काम आहे.

मराठीची वाट निराळी होती. मोडी लिपीत ओळ सलग चाले. शब्द तोडण्याचीही सक्ती नसे, मग विरामचिन्हांची गोष्ट दूरच. देवनागरी पोथ्यांत दंड होता, तो श्लोकाचा किंवा चरणाचा शेवट दाखवण्यापुरता. विरामचिन्हांचा संच मराठीत आला तो मुद्रणाच्या व इंग्रजी शिक्षणाच्या काळात. त्यासाठी परिश्रम घेणाऱ्यांत मेजर थॉमस कँडी यांचे नाव अग्रभागी आहे. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचे पुस्तक १८५० साली निघाले. म्हणजे मराठी भाषा शतकानुशतके या चिन्हांवाचून चालत होती आणि उत्तम चालत होती. ज्ञानदेवांना किंवा तुकोबांना स्वल्पविरामाची अडचण पडली नाही. याचे कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे.

मराठीत शब्दाचे नाते त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. 'ला', 'ने', 'चा', 'हून' हे विभक्तीचे प्रत्यय कोण करतो आणि कोणाला करतो, ते सांगतात. 'ऊन', 'ता', 'ल्यावर' हे प्रत्यय कोणती क्रिया आधीची आणि कोणती नंतरची, ते सांगतात. इंग्रजीत अशी चिन्हे शब्दांच्या अंगावर फार थोडी आहेत. तेथे नाते जागेवरून कळते. आधी आला तो कर्ता, क्रियापदानंतर आले ते कर्म. जागेलाच एवढे महत्त्व आले, की एक जागा कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली, हे दाखवणारे कुंपण लागते. स्वल्पविराम हे ते कुंपण आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. 'डोन्ट डिस्टर्ब, सुनीता' आणि 'डोन्ट डिस्टर्ब सुनीता' या दोन इंग्रजी वाक्यांतील शब्द तेच आहेत. पहिल्या वाक्यात आपण सुनीताला सांगतो, की तू त्रास देऊ नकोस. दुसऱ्यात आपण इतरांना सांगतो, की सुनीताला त्रास देऊ नका. मराठीत हा भेद 'ला' या एका प्रत्ययाने झाला. इंग्रजीत तो प्रत्यय नाही. त्याचे काम तेथे एका आडव्या-उभ्या नसलेल्या छोट्या खुणेला करावे लागते. ज्याला हाक मारायची, त्याचे नाव स्वल्पविरामाने वेगळे करावे, हा इंग्रजीतील नियम असा गरजेतून जन्मलेला आहे.

दुसरे उदाहरण थोडे गमतीचे आहे. 'व्हेन द ट्रेन लेफ्ट द स्टेशन मास्टर स्माइल्ड.' हे वाक्य स्वल्पविरामावाचून वाचणारा 'गाडीने स्टेशन सोडले' असे समजून पुढे जातो आणि 'मास्टर' या शब्दाशी अडखळतो. मग मागे येऊन पुन्हा वाचतो. 'लेफ्ट' नंतर स्वल्पविराम दिला, की गाडी सुटली आणि स्टेशनमास्तर हसले, हे एका दमात कळते. मराठीत 'गाडी सुटल्यावर स्टेशनमास्तर हसले' असे आपण लिहितो. 'ल्यावर' हा प्रत्ययच तेथे दाराचे काम करतो. म्हणून इंग्रजीत 'व्हेन', 'इफ', 'बिकॉज', 'आफ्टर' अशा शब्दांनी सुरू होणारे गौण वाक्य आधी आले, तर ते संपताच स्वल्पविराम द्यावा. तेच गौण वाक्य मागाहून आले, तर बहुधा त्याची गरज नसते. कारण मग तो जोडशब्दच सीमा दाखवतो.

आता आपल्या सवयी इंग्रजीत कशा आड येतात, ते पाहू. मराठीत 'मी बँकेत गेलो, बँक बंद होती, परत आलो' असे वाक्य कोणाला खटकणार नाही. बोलण्याचा ओघ त्यात आहे आणि तो आपल्याला गोड वाटतो. हीच लकब घेऊन कोणी 'आय वेंट टू द बँक, इट वॉज क्लोज्ड' असे लिहिले, तर इंग्रजीत ती चूक समजली जाते. दोन पूर्ण वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. एक तर पूर्णविराम द्यावा, नाही तर अर्धविराम द्यावा, नाही तर स्वल्पविरामानंतर 'अँड', 'बट', 'सो' यांसारखा जोडशब्द घालावा. कुंपण आहे म्हणून त्यावर छत टाकता येत नाही, एवढेच हा नियम सांगतो.

दुसरी सवय 'की'ची आहे. 'तो म्हणाला, की मी आजारी आहे' असे आपण लिहितो. कोणी 'की'च्या आधी स्वल्पविराम देतो, कोणी नंतर. मराठीत दोन्ही रूपे छापलेली आढळतात. ही सवय इंग्रजीत गेली, की 'ही सेड दॅट, ही वॉज इल' असे वाक्य होते. आपल्या देशातील अर्जांत आणि कार्यालयीन पत्रांत 'दॅट'नंतरचा हा स्वल्पविराम वारंवार भेटतो. इंग्रजीच्या दृष्टीने तो निराधार आहे. 'दॅट' हा शब्द पुढच्या वाक्याला मागच्या वाक्याशी बांधतो. बांधलेल्या गाठीवरच कात्री चालवण्यात अर्थ नाही. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणात द्यायचे असतील, तर मात्र अवतरणाच्या आधी स्वल्पविराम द्यावा लागतो.

तिसरी सवय लांब कर्त्यानंतर थांबण्याची आहे. 'ऑल द स्टुडंट्स हू पास्ड द एक्झॅम, विल गेट सर्टिफिकेट्स' असे लिहिताना लेखकाला खरोखरच दम लागलेला असतो, म्हणून तो थांबतो. पण कर्ता आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम कधीही देऊ नये. कर्ता कितीही लांब असो, ते दोघे एकाच अंगणात राहतात. श्वासाच्या नियमाने चालणाऱ्याची येथे हटकून चूक होते, आणि रचनेच्या नियमाने चालणाऱ्याची होत नाही.

मी 'एकटा' हा शब्द मुद्दाम वापरला. इंग्रजीत स्वल्पविरामांची जोडीही असते, आणि ती एखाद्या कंसासारखी काम करते. एका अर्जात असे लिहिले आहे, की 'माय सन हू वर्क्स इन सुरत विल साइन धिस फॉर्म.' याचा अर्थ मला एकाहून अधिक मुलगे आहेत आणि त्यांपैकी सुरतेला काम करणारा मुलगा सही करील, असा होतो. 'माय सन' नंतर एक आणि 'सुरत' नंतर एक असे दोन स्वल्पविराम दिले, की अर्थ बदलतो. मला मुलगा एकच आहे, तो सुरतेला असतो, ही अधिकची माहिती. सही तो करील. वारसाच्या अर्जात किंवा प्रतिज्ञापत्रात हा फरक किती मोठा आहे, हे सांगायला नको. जी माहिती काढून टाकली तरी वाक्यातील व्यक्ती ओळखू येते, ती दोन स्वल्पविरामांत ठेवावी. जिच्यावाचून व्यक्ती ओळखूच येणार नाही, तिला स्वल्पविराम देऊ नयेत. आणि कंस उघडला तर तो मिटवावाच लागतो, हे येथेही विसरू नये.

या जोडीवरून कॅनडात एक मोठा वाद झाला होता. खांबांवरून तारा नेण्यासंबंधी दोन कंपन्यांत २००२ साली करार झाला. करार पाच वर्षे चालेल, आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांच्या मुदतींनी पुढे चालेल, एक वर्षाची लेखी सूचना देऊन तो संपवला नाही तर, अशा आशयाचे ते वाक्य होते. 'पाच-पाच वर्षांच्या मुदतींनी' या शब्दांनंतर एक स्वल्पविराम होता. त्यामुळे मधला भाग कंसात गेल्यासारखा झाला आणि शेवटची अट पहिल्या पाच वर्षांनाही लागू आहे, असे एका पक्षाने म्हटले. २००६ साली तेथील दूरसंचार नियामक मंडळाने व्याकरणाचा हा नियम मानून त्या पक्षाच्या बाजूने निर्णय दिला. पुढे २००७ साली कराराची फ्रेंच प्रत पाहण्यात आली. तिच्यात असा संदिग्धपणा नव्हता, म्हणून निर्णय फिरला. दुसऱ्या भाषेतील प्रत नसती, तर त्या एका चिन्हाने लक्षावधी डॉलर इकडचे तिकडे केले असते.

यादीतील स्वल्पविराम हा सर्वांत सोपा, असे आपण समजतो. 'तांदूळ, डाळ, तेल आणि मीठ' असे लिहिताना मराठीत 'आणि'च्या आधी स्वल्पविराम येत नाही. इंग्रजीत मात्र या जागेवरून दोन पक्ष आहेत. ब्रिटनमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रणालय 'अँड'च्या आधी स्वल्पविराम देते, म्हणून त्याला 'ऑक्सफर्ड कॉमा' असे नाव पडले. अमेरिकेतील बहुतेक ग्रंथप्रकाशक तो देतात. वृत्तपत्रे बहुधा देत नाहीत. दोन्ही पद्धती शिष्टसंमत आहेत. तरीही एक वाक्य पाहा. 'आय इन्व्हायटेड माय पेरेंट्स, द डॉक्टर अँड द सरपंच.' बोलावलेली माणसे चार की दोन? शेवटचा स्वल्पविराम नसल्यामुळे आईवडिलांपैकी एक डॉक्टर आणि एक सरपंच आहे, असाही अर्थ निघू शकतो.

ही केवळ विनोदाची गोष्ट नाही, हे अमेरिकेतील मेन राज्यातल्या दूधवाहनांच्या चालकांनी दाखवून दिले. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे जादा वेळ काम करणाऱ्याला दीडपट दराने मजुरी द्यावी लागते. नाशवंत मालाशी संबंधित काही कामे त्यातून वगळली होती. त्या कामांची यादी कायद्यात होती: माल डबाबंद करणे, त्यावर प्रक्रिया करणे, तो टिकवणे, गोठवणे, वाळवणे, विकणे, साठवणे, आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट' या शब्दानंतर स्वल्पविराम नव्हता. कंपनी म्हणाली, की बांधणी हे एक काम आणि वितरण हे दुसरे काम. चालक वितरण करतात, म्हणून त्यांना जादा मजुरी नाही. चालक म्हणाले, की 'पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी माल बांधणे' असे हे एकच काम आहे, आणि आम्ही माल बांधत नाही, केवळ पोहोचवतो. खालच्या न्यायालयात कंपनी जिंकली. मार्च २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने मात्र कायद्याचे शब्द संदिग्ध आहेत असे म्हटले, आणि संदेहाचा फायदा कामगारांना दिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. एका न दिलेल्या चिन्हाची ती किंमत होती. ज्यांनी पहाटेपासून गाड्या हाकल्या, त्यांच्या घामाचा हिशेब त्या चिन्हावर अडला होता, ही गोष्ट मला त्या रकमेहून अधिक महत्त्वाची वाटते.

आपल्याकडेही असे घडले आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या त्या काळच्या कलम २७ मध्ये 'सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' असे शब्द होते. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या आणि १९७९ च्या निकालसंग्रहांत छापलेल्या एका खटल्यात प्रश्न असा होता, की औषधांचा नुसता साठा जवळ असणे हा या कलमाखाली गुन्हा होतो का. न्यायालयाने दाखवून दिले, की 'स्टॉक्स' या शब्दानंतर स्वल्पविराम नाही. म्हणून 'फॉर सेल' हे शब्द साठ्यालाही लागू होतात. साठा विक्रीसाठीच होता, हे सिद्ध झाले पाहिजे. माणसाचे स्वातंत्र्य जेथे पणाला लागते, तेथे नसलेला स्वल्पविरामही साक्षीदारासारखा उभा राहतो.

येथे कोणी विचारील, की एवढ्या नाजूक खुणेवर एवढा भार टाकणे योग्य आहे का? शंका रास्त आहे. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९५२ सालच्या एका निकालात विरामचिन्ह हा कायद्याच्या अर्थनिर्णयातील गौण घटक मानला आहे. शब्दांचा स्पष्ट अर्थ चिन्हाच्या आधीन करता येत नाही, असा त्याचा भाव आहे. मला हे दोन्ही निकाल परस्परविरोधी वाटत नाहीत. शब्द स्पष्ट असतील, तर चिन्ह त्यांचे सेवक असते. शब्द डगमगले, की चिन्हाकडे पाहावे लागते. यातून लिहिणाऱ्याने घ्यावयाचा बोध मात्र दुहेरी आहे. स्वल्पविराम योग्य जागी द्यावा, हा पहिला. आणि ज्या वाक्याचा सारा अर्थ एका स्वल्पविरामावर टांगलेला आहे, ते वाक्यच बदलावे, हा दुसरा. मेन राज्याच्या विधिमंडळाने हेच केले. त्याने नुसता एक स्वल्पविराम वाढवला नाही. यादीतील कामे अर्धविरामांनी वेगळी केली आणि 'वितरण' या शब्दाचे व्याकरणिक रूप इतर कामांच्या रूपासारखे केले.

वरील अर्जातील मुलाचेही तसेच आहे. 'मला एकच मुलगा आहे. तो सुरतेला काम करतो. या अर्जावर तो सही करील,' अशी तीन छोटी वाक्ये इंग्रजीत लिहिली, तर स्वल्पविरामाचा प्रश्नच उरत नाही. नव्याने इंग्रजी लिहू लागलेल्यांनी लांब वाक्याचा मोह धरू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. लांब वाक्य म्हणजे विद्वत्ता, ही समजूत आपल्या कचेऱ्यांनी रूढ केली. ती भाषेची गरज नव्हे.

स्वल्पविराम शब्दांत असतो, तसा आकड्यांतही असतो, आणि तेथे तर खिशाशीच गाठ असते. दहा लाख ही रक्कम आपण १०,००,००० अशी लिहितो. आपल्या मोजणीत हजारानंतर दोन-दोन अंकांचे गट पडतात, कारण आपल्याकडे लाख आणि कोटी आहेत. इंग्लंड-अमेरिकेत तीच रक्कम १,०००,००० अशी लिहितात, कारण तेथे हजारानंतर एकदम दशलक्ष येते. जर्मनीत तर स्वल्पविराम दशांश चिन्हाच्या जागी वापरतात; तेथे १,५ म्हणजे दीड. परदेशी मजकूर वाचताना किंवा परदेशी पाठवण्याचा मजकूर लिहिताना हा भेद ध्यानात ठेवावा. रक्कम अक्षरांतही लिहिण्याची जी प्रथा आहे, ती याच कारणाने शहाणपणाची आहे.

इतके नियम वाचून कोणाच्या मनात भीती उभी राहू नये. मुळात नियम थोडेच आहेत, आणि ते सारे एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत: येथे वाक्याचा एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो का? हाक मारलेले नाव हा वेगळा तुकडा आहे. आधी आलेले गौण वाक्य हा वेगळा तुकडा आहे. अधिकची माहिती आणि यादीतील प्रत्येक वस्तू हेही वेगळे तुकडे आहेत. कर्ता आणि क्रियापद, 'दॅट' आणि त्यापुढील वाक्य हे वेगळे तुकडे नाहीत. लिहून झाल्यावर प्रत्येक स्वल्पविरामावर बोट ठेवावे आणि 'तू येथे काय वेगळे करतोस?' असे त्याला विचारावे. उत्तर न मिळाल्यास त्याला काढून टाकावे. नंतर वाक्य परक्याच्या नजरेने वाचावे. कोठे दोन अर्थ निघत असतील, तर कुंपण घालावे, किंवा वाक्य तोडावे.

ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले आणि ज्यांनी ते वाढत्या वयात पुन्हा हाती घेतले, त्यांना मी एक गोष्ट विशेष करून सांगेन. इंग्रजीचा उच्चार लहानपणी कानावर पडला नसेल, तर तो पुढे साधायला कठीण जातो, हे खरे आहे. स्वल्पविरामाला मात्र घराणे लागत नाही, महागडी शाळा लागत नाही. त्याला लागतो तो विचार, आणि तो प्रौढ माणसाकडे मुलांपेक्षा अधिक असतो. कपडा बेतणारा शिंपी कात्री लावण्यापूर्वी खडूची खूण करतो. शेताचा बांध कोठे असावा, हे शेतकऱ्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. जो हिशेब आपण कापडाच्या आणि जमिनीच्या बाबतीत चोख ठेवतो, तोच वाक्याच्या बाबतीत ठेवायचा आहे. आपला अर्ज, आपला करार, आपली तक्रार आपल्या माघारी कोणीतरी अनोळखी माणूस वाचणार असतो. तेव्हा खुलासा करायला आपण तेथे नसतो. आपल्या वतीने तेथे असतात ती आपण लिहिलेली अक्षरे, आणि त्या अक्षरांच्या मधोमध आपण विचारपूर्वक दिलेल्या या छोट्या खुणा.